डेलावेअरची कंपनी आणि राहतं घर
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



अमेरिकेतल्या अनुभवांवर बोल, असं संयोजकांनी सांगितलं होतं. त्याऐवजी मी एका प्रश्नावर बोलतो, कारण तो तुमच्याच मुलामुलींकडून मला फोनवर येतो : "काका, इथे कंपनी काढायची आहे. डेलावेअरलाच काढू ना?" न्यू जर्सीत लहान धंद्यांचे हिशेब बघण्यात माझी उमेद गेली, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे.

नागरिकशास्त्राच्या तासाला आपण केंद्रसूची आणि राज्यसूची घोकली होती. आपल्याकडे कंपनी कायदा केंद्राचा. नाशिकला काढा की कोलकात्याला, २०१३ चा कायदा एकच. अमेरिकेत मात्र कंपनीला जन्म देतं ते राज्य. पन्नास राज्यांचे पन्नास कायदे, आणि धंदा एका राज्यात असला तरी नोंदणी दुसऱ्या राज्यात चालते.

एके काळी मोठ्या कंपन्यांचं माहेर आमचं न्यू जर्सीच होतं. १८९९ मध्ये शेजारच्या डेलावेअरने तसाच सवलतीचा कायदा केला. १९१३ मध्ये गव्हर्नर वुड्रो विल्सन यांनी (तेच पुढचे राष्ट्राध्यक्ष) न्यू जर्सीचे नियम आवळले आणि कंपन्या डेलावेअरकडे वळल्या. तिथल्या चान्सरी कोर्टात कंपन्यांचे तंटे ज्यूरीशिवाय, त्या विषयात मुरलेले न्यायाधीश सोडवतात. मोठे गुंतवणूकदार डेलावेअरचा आग्रह धरतात तो यासाठी.

पण एडिसनमध्ये पोळीभाजीचे डबे देणाऱ्याला चान्सरी कोर्टाचं काय? डेलावेअरला नोंदणी केली की तिथे पत्ता असलेला रजिस्टर्ड एजंट पैसे देऊन ठेवायचा, दर वर्षी १ मार्चपर्यंत अहवाल आणि फ्रँचाइज टॅक्स भरायचा. शिवाय धंदा न्यू जर्सीत म्हणून तिथेही नोंदणी करायची, आणि ती 'फॉरेन कॉर्पोरेशन' म्हणून! नदीपलीकडची कंपनी परदेशी. अशा धंद्याने आपल्याच राज्यात नोंदणी करावी, हे माझं स्पष्ट मत.

या टॅक्सची एक गंमत. एका मुलाने कुणाचं तरी बघून एक कोटी शेअर मंजूर करून घेतले. कर आला ८५,१६५ डॉलर. पोराची झोप उडाली. कायद्यात हिशेबाची दुसरी पद्धत आहे, ती कंपनीची मालमत्ता धरून चालते. त्या पद्धतीने त्याला किमान कर लागला, ४०० डॉलर.

भागधारक कोण, हे आधी ठरवा. लहान धंदे बहुधा 'एस कॉर्पोरेशन'चा पर्याय घेतात, म्हणजे नफ्यावर कंपनीला आणि मालकाला असा दुहेरी कर बसत नाही. पण सांगलीच्या भावाला प्रेमाने दहा शेअर दिले, की तो पर्याय गेला. अमेरिकेत कराच्या दृष्टीने अनिवासी असलेला परदेशी माणूस त्यात चालत नाही. इकडे भावालाही रिझर्व्ह बँकेचे परदेशी गुंतवणुकीचे नियम लागतात ते वेगळंच. एच-वन व्हिसावर असलेल्यांनी तर स्वतःच्या कंपनीत काम सुरू करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारावं. शेअर बाळगणं वेगळं, तिथे काम करणं वेगळं.

आता घराचं. कंपनीचं कर्ज कंपनीचं, मालकाचं नाही, यासाठीच तर हा खटाटोप. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांची नोंदणी चोख होती. पण घरचा किराणा, मुलीची फी, सगळं कंपनीच्या खात्यातून. सभेचं इतिवृत्त एकही नाही. पुरवठादाराने दावा लावला तेव्हा समोरच्या वकिलाने पहिल्यांदा बँकेची स्टेटमेंट्स मागवली आणि म्हणाला, ही कंपनी नाहीच, नुसता मुखवटा आहे. कोर्टाला ते पटलं तर पडदा बाजूला सारून ते मालकापर्यंत पोचू शकतं. निकालापर्यंत जायची यांची हिंमत झाली नाही. राहत्या घरावर कर्ज काढून तडजोड केली. वहिनींना ते कर्ज सहीच्या दिवशी कळलं.

आणि बँक किंवा दुकानाचा मालक वैयक्तिक हमीची सही मागतो, तेव्हा त्या रकमेपुरती कंपनीची भिंत उरतच नाही. तो कागद मुलांनी वाचून सही करावी.

ज्यांची मुलं तिकडे धंद्याच्या विचारात आहेत, त्यांनी जेवणानंतर भेटा. मी उद्या संध्याकाळपर्यंत गावातच आहे.