नाताळची सजावट आणि आजीची पेटी

(खामगाव तालुक्यातल्या महिला गटांच्या डिसेंबरमधल्या एकत्र बैठकीत केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा मागे बसलेल्या दोघी-तिघी हसल्या, ते मी पाहिलं. मागच्या बैठकीत आपण रोजगार हमीच्या थकलेल्या मजुरीवर बोललो, आणि आज एकदम नाताळात घर कसं सजवायचं, तेही जुन्या वस्तूंनी! विषय मीच सुचवला आहे. मी ख्रिस्ती घरातली, त्यामुळे डिसेंबर आला की पताका आणि चांदण्या माझ्याही डोक्यात असतात. पण आपल्या गटात बौद्ध, हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती अशा सगळ्याजणी आहेत, आणि सणाला घर लखलखीत करण्याचं काम एकाही धर्माने पुरुषांना दिलेलं नाही. तेव्हा विषय सगळ्यांचाच आहे.

मोबाइलवर आता नाताळचं घर म्हणून जी चित्रं येतात ती तुम्ही पाहिली असतील. शेकोटी पेटलेली, खिडकीबाहेर बर्फ, कोपऱ्यात आढ्याला टेकणारं झाड. खाली किंमत आणि बटण. हे चित्र मुळात परदेशचं. घरात झाड उभं करायची रीत जर्मनीतली. इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचं झाडाभोवतीचं चित्र १८४८ साली लंडनच्या एका साप्ताहिकात छापून आलं आणि तिथून ती रीत घरोघर पसरली. आपल्याकडे मिशनच्या बंगल्यांतून ती आली असावी. आपल्या बायकांनी काय केलं? देवदार नाही म्हणून सुरूची फांदी आणली, तीही नसेल तर बोरी-बाभळीची. रिकाम्या डालड्याच्या डब्यात वाळू भरून ती उभी केली. बर्फ म्हणून वर कापूस पसरला. गंमत बघा, दिवसभर ज्या कापसाच्या वेचणीने बोटं सोलून निघतात, तोच संध्याकाळी बर्फ म्हणून झाडावर! नाताळ येतो तोच मुळी वेचणीच्या दिवसांत. सोयाबीन निघून गेलेलं असतं, तूर शेतात उभी असते, आणि बाई अंधार पडल्यावर घरी येते. मग चुलीपाशी करंज्या आणि शंकरपाळे, आणि ते झाल्यावर सजावट.

झाडापेक्षा मला गव्हाणी जास्त जवळची वाटते. इटलीतल्या ग्रेचो गावात संत फ्रान्सिसने १२२३ साली खरी गव्हाण, खरा कडबा, बैल आणि गाढव आणून येशूजन्माचा देखावा मांडला होता. त्याला काहीही विकत आणावं लागलं नसेल. आपल्या गावात तर गव्हाण म्हणजे काय हे कुणाला सांगायलाच नको. तुराट्यांचा गोठा, वर कडबा, खाली जुन्या वाकळेचा तुकडा. आदल्या दोन आठवड्यांत पसरट डब्यात गहू पेरला की नाताळापर्यंत हिरवंगार शेत तयार. काही घरांत मातीची बाळमूर्ती दोन पिढ्यांची असते, नाक झिजलेली. नवी स्वस्तात मिळते, पण मुलं ती जुनीच मागतात.

चांदणीचंही तसंच. बांबूच्या कामट्या, पतंगी कागद, घरची खळ. सांगाडा नीट बांधला तर तो पाच-सात वर्षं टिकतो, दरवर्षी फक्त कागद बदलायचा. पूर्वी आत चिमणी ठेवत आणि हमखास एक तरी चांदणी पेटायची. आता बल्ब असतो. फुटक्या बांगड्यांचे तुकडे दिव्याच्या ज्योतीवर वाकवून आपण लहानपणी साखळ्या करायचो, त्यांचं तोरण दाराला फार सुंदर दिसतं. मात्र ते मुलांच्या हाती एकट्याने देऊ नका. जुन्या नऊवारीचे काठ कापून पडद्यांना लावता येतात. पितळी समई, तांब्या, घंगाळ घासून कोपऱ्यात मांडलं आणि शेजारी एक दिवा लावला, की बाजारातल्या कुठल्याही चमकीची गरज उरत नाही. आपल्या गावांत डिसेंबरची रात्र चांगलीच गार असते. अशा रात्री दोन खोल्यांचं घर, शेणाने सारवलेली जमीन, जाड गोधडी आणि पितळेवर पडलेला उजेड. ऊब म्हणतात ती हीच.

आता या जुन्या वस्तू आल्या कुठून ते बघू.

आपल्या भागातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांचा इतिहास दुष्काळापासून सुरू होतो. १८९६-९७ आणि लगेच १८९९-१९००, असे दोन भयंकर दुष्काळ वऱ्हाडाने पाहिले. दुसऱ्याला जुनी माणसं छपन्नचा दुष्काळ म्हणायची, कारण विक्रम संवत १९५६ होतं. अकोला-खामगाव भागात तेव्हा अलायन्स मिशनचं काम होतं आणि दुष्काळात उघडी पडलेली मुलंमुली अनाथालयात आली. कुणी गावकुसाबाहेरच्या वस्तीतून आलं, कुणी धर्म बदलला म्हणून घराबाहेर पडलं. १८५० च्या कायद्याने धर्म बदलला तरी वारसाहक्क जात नव्हता, पण अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडलेल्या माणसाने तो मागायचा कुणाकडे? अशा माणसांच्या घरात पणजीची नथ आणि पैठणी कशी असेल? त्यांच्या पहिल्या वस्तू दुसऱ्याच्या वापरलेल्याच होत्या. परत जाणाऱ्या मॅडमने दिलेली पत्र्याची पेटी, मोडका टेबल, कंदील, एखादं जुनं पवित्र शास्त्र. त्याच वस्तू तीन पिढ्यांनी पिढीजात झाल्या. जुन्या वस्तू घेण्यात ज्यांना कमीपणा वाटतो त्यांना मी हे नेहमी सांगते.

वस्तू घराबाहेर कशा गेल्या, तेही बघायला हवं. साठ-सत्तरच्या दशकांत स्टील आलं. पितळेला कल्हई करावी लागते, घासताना हात मोडतात, स्टीलला काही नाही. बायकांनी आनंदाने पितळ मोडीत घातलं आणि जरीची लुगडी बोहारणीला देऊन डबे घेतले. त्यांना नावं ठेवायला मी तयार नाही. ज्यांनी आयुष्यात कधी चिंच-राखेने हंडा घासला नाही, त्यांनीच आता जुन्या पितळेची महती गावी हे मला पटत नाही. या नाताळात पितळ काढायचं ठरलं तर घरातल्या पुरुषांच्या आणि मुलांच्या हातीही चिंच द्या. आणि बोहारीण ही आपलीच कष्टकरी बहीण आहे. जुन्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या तिने डोक्यावर वाहिला. आता तोच धंदा काचेच्या दुकानात गेला, म्हणून त्याला प्रतिष्ठा आली.

जुन्या बाजारातून काही घेताना मी भांडं उलटं करून नाव वाचते. एकदा एक कळशी घेतली. तिच्यावर लग्नाची तारीख होती, आणि एका मुलीचं नाव. ही कळशी भंगारात का आली असेल? मुलाच्या फीसाठी, दवाखान्यासाठी, बियाण्यासाठी? २००६ साली केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना पॅकेज दिलं, त्यांत आपला बुलढाणा होता. कर्ता गेल्यावर घरातून आधी काय बाहेर जातं ते मी काम करताना पाहिलं आहे. आधी चांदी जाते. आपलं खामगाव तर चांदीसाठीच प्रसिद्ध. मग पितळ, मग शेळी. कळशी मी घेतली, नाताळात तिच्यात फुलंही ठेवते, पण ते नाव मी घासून काढलेलं नाही.

नावावरून आठवलं. आज येताना प्रत्येकीने एक जुनी वस्तू आणा असं सांगितलं होतं. आपण सगळ्यांनी भांडी उलटी करून पाहिली. बहुतेकांवर नवऱ्याचं, सासऱ्याचं किंवा आहेर देणाऱ्या मामाचं नाव निघालं. ज्या बाईने चाळीस वर्षं ते भांडं घासलं तिचं नाव कितींवर होतं, ते तुम्ही पाहिलंच. आणि आपला शब्द बघा, ‘वडिलोपार्जित’. आईकडून आलेल्याला असा भारदस्त शब्द मराठीत मला तरी सापडलेला नाही. त्याला आपण ‘आईची आठवण’ म्हणतो. मुलाला मिळतो तो वारसा, मुलीला मिळते ती आठवण.

पेटी, गोधडी, समई मुलीला, आणि घर-शेत मुलाला, ही वाटणी सगळ्या धर्मांत चालते. वर हक्कसोड पत्रावर सही घेतात आणि साडीचोळी करतात. कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगते. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला, तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश मुलामुलींना सारखे. मुलगी विवाहित आहे का, हा प्रश्नच नाही. केरळच्या त्रावणकोर भागात मात्र १९१६ चा जुना कायदा वापरत. त्यात मुलीला मुलाच्या वाट्याचा पाव हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांत जे कमी असेल ते. मेरी रॉय यांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जाऊन १९८६ साली निकाल मिळवला. प्रत्यक्ष घर हाती यायला त्यांनाही पुढे कित्येक वर्षं लागली. आपल्याकडे त्रावणकोरचा कायदा कधीच नव्हता. म्हणजे आपल्या ख्रिस्ती बहिणींना समान हक्क आजीच्या काळापासून आहे आणि तो मागणाऱ्या मला फार थोड्या भेटल्या. याच कायद्यात एक अन्यायही आहे. मूलबाळ नसलेला मुलगा गेला आणि त्याचा बाप हयात असला, तर विधवेचा अर्धा वाटा सोडून बाकीचं बापाला जातं. आईला काही नाही.

हिंदू आणि बौद्ध बहिणींना १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागू होतो. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा जन्माने हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. देशभर तो २००५ साली आला, आणि त्यात विवाहित मुलीही आल्या. मुसलमान बहिणींचं गणित वेगळं आहे, त्यावर वेगळी बैठक घेऊ.

आणि पेटीचं काय? माझ्याकडे आलेल्या एका बाईचा नवरा वारला. दिरांनी तिला मुलीसह माहेरी पाठवलं. तिने घर मागितलं नाही, शेत मागितलं नाही. फक्त आईने दिलेली पेटी आणि तिच्यातली नाताळची चांदणी, दोन चादरी आणि चार भांडी मागितली. ती द्यायलाही सासर तयार नव्हतं, कारण यादी नव्हती आणि साक्षीदार सगळे त्यांचेच. स्त्रीधन बाईचंच, नवऱ्याकडे ते फक्त विश्वासाने ठेवलेलं असतं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात म्हटलं आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात तर न्यायदंडाधिकारी स्त्रीधन परत करण्याचा हुकूम देऊ शकतात, आणि तो कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांना आहे. आम्ही अर्ज केला. पेटी आली, चांदणी नव्हती. त्या वर्षी तिने मुलीबरोबर नवी केली. राहत्या घरातल्या तिच्या एक तृतीयांशाचा दावा अजून चालू आहे. तो दावा करायला ती तयार झाली, कारण पेटी परत मिळाली.

म्हणून माझं सांगणं असं की नाताळच्या, दिवाळीच्या, ईदच्या सफाईला माळा उतरवाल तेव्हा एक वही जवळ ठेवा. प्रत्येक वस्तू कुणी दिली, कधी दिली, माहेरची की सासरची, ते लिहा. मोबाइलवर फोटो काढून बहिणीला पाठवून ठेवा. सोन्याचांदीची पावती असेल तर तिचाही. म्हाताऱ्या आईला विचारून लिहा, कारण ती गेल्यावर सांगणारं कुणी नसतं. नवीन भांड्यावर नाव घालाल तर स्वतःचं घाला. नाव घालणारा विचारेल, ‘मालकाचं नाव?’ त्याला तुमचंच सांगा.

आणि ज्या भिंतीवर चांदणी टांगणार, ती भिंत कुणाच्या नावावर आहे तेही बघू. ‘घर दोघांचे’ या मोहिमेखाली ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लागू शकतं. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या घराचा नमुना ८ चा उतारा आणायचा आहे. ज्यांना ग्रामसेवक उद्या या, परवा या म्हणेल त्यांनी एकट्याने दुसरी फेरी मारू नका, चौघीजणी मिळून जा. बैठक नाताळानंतरच्या पहिल्या शनिवारी, याच ठिकाणी. फराळ उरला असेल तर तोही आणा.