फी भरण्याआधी मुलीला विचारा
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेलं मनोगत)



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत माझ्याकडून चूक झाली, ती आधी सांगते. एका ताईंनी मुलीच्या क्लाससाठी चाळीस हजारांचं कर्ज मागितलं. मुलगी बारावी झालेली. क्लासवाल्याने सांगितलेलं, 'वेब डिझाइन शिकवा, नोकरीची हमी.' दुसऱ्या ताई म्हणाल्या, 'त्यापेक्षा ग्राफिक डिझाइन बरं, फ्लेक्सच्या दुकानात काम लागेल.' मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पटकन बोलून गेले, 'वेबला पुढे स्कोप आहे.' मुलगी दाराशीच बसलेली. तिला कुणीच विचारलं नाही, मीसुद्धा नाही. निघताना ती हळूच म्हणाली, 'ताई, मला दोन्हीतला फरकच कळत नाही.'

तो फरक आज आपण समजून घेऊ.

आपल्या मसाल्याचं पाकीट आठवा. त्यावर नाव, वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, शाकाहारीची हिरवी खूण, एफएसएसएआयचा 14 अंकी नंबर. एवढ्याशा जागेत हे सगळं नीट वाचता येईल आणि गिऱ्हाईक पाकीट हातात घेईल असं मांडायचं, हे ग्राफिक डिझाइन. त्यासाठी कोरलड्रॉ, फोटोशॉप शिकतात. स्क्रीनवर दिसतो तसाच रंग कागदावर उतरत नाही, तेही शिकावं लागतं. एकदा छापलं की छापलं. नंबर चुकला तर हजार पाकिटं वाया.

आता त्याच मसाल्याची वेबसाइट करायची म्हणा. गिऱ्हाईक ती मोबाइलवर उघडणार. लहान स्क्रीनवर पान नीट दिसलं पाहिजे, ऑर्डरचं बटण चाललं पाहिजे. हे वेब डिझाइन. यात एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट शिकतात. एखादं चिन्ह राहिलं तरी बटण अडतं, मग चूक शोधत बसायचं. इथे चूक लगेच दुरुस्त होते, पण काम संपत नाही. भाव बदलला, नवा माल आला की पान बदलायचं.

ग्राफिकचं काम तालुक्यात मिळतं: लेबल, लग्नपत्रिका, बॅनर. पण साधा बॅनर आता पोरं मोबाइलवरही करतात, म्हणून हात चांगला बसावा लागतो. वेबचं काम बहुतेक शहरातलं. घरून करता येतं, पण लॅपटॉप आणि नेट पाहिजे. रंग, अक्षर, मांडणी दोन्हीकडे लागतं. एक शिकून पुढे दुसरं शिकता येतं, तेव्हा घाबरू नका.

मग कर्जाचा अर्ज करण्याआधी काय करायचं?

पहिलं, मुलीला महिनाभर दोन्ही करून बघू द्या. इंकस्केप नावाचं चित्र-मांडणीचं सॉफ्टवेअर फुकट आहे. वेबचं पान साध्या नोटपॅडवर लिहून ब्राउझरमध्ये बघता येतं. घरी संगणक नसेल तर ओळखीच्यांकडे रोज तासभर बसू द्या.

दुसरं, जवळच्या सरकारी आयटीआयमध्ये चौकशी करा. तिथला 'कोपा' हा संगणकाचा ट्रेड एका वर्षाचा आहे आणि दहावी पास मुलीला चालतो. वेब पान बनवण्याची सुरुवात त्यात होते.

तिसरं, क्लासवाला नोकरीची हमी देतो ना, ती लेखी मागा. मागच्या बॅचच्या दोन मुलींशी स्वतः बोला. फी हप्त्याने घेतात का विचारा. लॅपटॉपचा खर्च वेगळा धरा.

त्या गटाने कर्जाचा निर्णय महिनाभर थांबवला. मुलीने वेबचं पान तिसऱ्या दिवशी सोडलं. पापडाचं लेबल करताना मात्र तिला जेवायचंही भान राहिलं नाही. म्हणजे माझा सल्ला तिच्यासाठी चुकलाच होता! तिच्या आईला अजून वाटतं, वेबच बरं. पुढच्या बैठकीत ती लेबल घेऊन स्वतः बोलणार आहे.

ताईंनो, कर्जाचा हप्ता आई फेडणार, पण रोज संगणकासमोर मुलगी बसणार. म्हणून ठराव लिहिताना तिला दाराशी नको, सतरंजीवर आपल्यात बसवा.