शेवटच्या ओळीपर्यंत कीर्तन
(जीर्णोद्धारानिमित्त झालेल्या ग्रामस्थ मेळाव्यातील भाषण)



शिखराविषयी आणि दगडकामाविषयी जाणकार मंडळी बोलली. मला समितीने आज्ञा केली, "तुम्ही आवाजाचे सांगा." नव्या सभामंडपात बिनतारी माइक बसवायचे घाटत आहे. माझी हयात याच कामात गेली, म्हणून चार शब्द आपल्यापुढे ठेवतो.

आपले लोणी वारीच्या वाटेवरचे गाव. तुकोबारायांची पालखी पुणे सोडून सोलापूर रस्त्याला लागली की आपल्याच भागात मुक्कामाला येते. कीर्तन आपल्याला नवे नाही. कीर्तनकार बुवा एका जागी उभे राहत नाहीत, हेही आपणांस ठाऊक आहे. ते पुढे येतात, मागे टाळकऱ्यांकडे वळतात, आणि माइकची तार पायांत घोटाळते. म्हणून बिनतारी माइकची मागणी रास्तच आहे. पण तार गेली म्हणजे अडचण गेली, असे मात्र नाही.

माझीच एक चूक सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका गावच्या सप्ताहात मी माइकचा रिसीव्हर धूळ बसू नये म्हणून लोखंडी कपाटात ठेवला आणि दार जरासे किलकिले ठेवले. दुपारी मंडप रिकामा होता, आवाज स्वच्छ आला. रात्री माणसांनी मंडप भरला आणि ऐन चरणावर आवाज तुटू लागला. कीर्तन संपल्यावर मागे बसलेली एक आजी म्हणाली, "बाळा, अर्धंच कीर्तन पदरात पडलं रे." माइक महागाचा होता. चुकली होती ती जागा.

असे का होते? माइकमधून निघणारी शक्ती एका वॅटच्या काही शतांश भागाइतकीच असते. लोखंड तिच्या लहरी अडवते आणि परतवते. माणसाच्या अंगात बहुतांश पाणी, ते लहरी शोषून घेते. शिवाय सरळ आलेली लहर आणि भिंतीवरून परतलेली लहर एखाद्या ठिकाणी एकमेकींना मारून टाकतात. म्हणून चांगल्या रिसीव्हरला दोन अँटेना असतात. एकीला ऐकू आले नाही तर दुसरीला येते.

जागेचे महत्त्व किती, ते पाहायला लांब जायला नको. आपल्याच जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात खोडदजवळ, आकाशातल्या रेडिओ लहरी ऐकणारी मोठी दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या 30 तबकड्या तिथे आहेत. त्या शास्त्रज्ञांनीही माणसाने केलेला रेडिओचा गोंगाट जिथे कमी, अशीच जागा पसंत केली. मग आपण आपला रिसीव्हर मिळेल त्या कोनाड्यात का ठेवावा?

तेव्हा माझ्या सूचना ऐकाव्यात. रिसीव्हर व्यासपीठाजवळ ठेवावा. अँटेना बसलेल्या आणि उभ्या माणसांच्या डोक्यांवर असाव्यात, आणि बुवांच्या जागेवरून त्या नजरेस पडाव्यात. दोन्ही फाकवून ठेवाव्यात, लोखंडी खांब, पत्रा व ग्रील यांपासून दूर. अँटेनाची तार लांबवू नये. लांब न्यायचीच तर आवाजाची तार न्यावी.

दुसरे, दोन-तीन माइक एकदम लावताना त्यांचे आकडे जुळवून घ्यावेत. एक 600 आणि दुसरा 601 मेगाहर्ट्झवर असला, तर त्यांच्या मिश्रणातून 599 आणि 602 वर त्रास उपजतो. तिसरा माइक तिथे लावू नये. कोणत्या लहरी वापरायच्या, हे केंद्राचे दूरसंचार खाते ठरवते. म्हणून पावती घेऊनच, नियमात बसणारा माल घ्यावा.

तिसरे, कर्णे बुवांच्या मागे नकोत. कर्ण्याचा आवाज माइकमध्ये शिरला की शिट्टी ठरलेलीच. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची तीव्रता चौथाईवर येते. एकच मोठा कर्णा लावला तर पुढच्यांचे कान किटतात आणि मागच्यांना कळत नाही. त्यापेक्षा खांबाखांबावर लहान पेट्या लावाव्यात, आवाज बेताचा ठेवावा.

यात शेजारधर्मही आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो. शासन ठराविक दिवशीच मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. राहत्या वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. मंडपाबाहेर आजारी माणूस आहे, परीक्षेचे पोर आहे. कीर्तन मंडपात भरून राहावे, गावावर आदळू नये.

शेवटी एकच विनंती. तपासणी रिकाम्या मंडपात करून समाधान मानू नका. एखाद्या एकादशीला मंडप भरू द्या, माइक हातात घेऊन सगळीकडे फिरा, आणि सर्वांत मागे बसलेल्या म्हातारीला विचारा. सेल बदलणे, आवाज लावणे हे मी गावातल्या दोन मुलांना शिकवीन. मोबदला नको.

देणगीदारांनो, आपण घाम गाळून पैसा दिला आहे. शेवटच्या ओळीतला माणूस पूर्ण कीर्तन ऐकून उठला, की त्याचे चीज झाले.

इतके बोलून मी आपली रजा घेतो. रामकृष्ण हरी!