अर्धशिशीचा झटका आणि औषधाची निवड

(शिरढोण, ता. पनवेल येथील आरोग्य मेळाव्यात आमच्या वैद्यकीय विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी याच शिरढोण गावी झाला. पुण्यास लष्करी हिशेब खात्यात नोकरी करीत असताना, आई आजारी असल्याचे कळूनही त्यांना वेळेवर रजा मिळाली नाही आणि मायलेकरांची अखेरची भेट हुकली, ही हकीकत आपण सर्वांनी ऐकलेली आहे. या गावी आजाराविषयी बोलताना तिचे स्मरण होणे स्वाभाविकच आहे. घरच्या माणसाच्या दुखण्याची दखल वेळेत घेतली न जाणे, हेच आजच्या आमच्या विषयाचेही मर्म आहे. तो विषय म्हणजे अर्धशिशी.

आमच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या भगिनी डोकेदुखीसाठी म्हणून क्वचितच येतात. त्या मुलाचा ताप दाखवावयास येतात आणि निघता निघता म्हणतात, "डॉक्टर, माझ्या डोक्यावरही एखादी जालीम गोळी द्या." वर्षानुवर्षे कपाळाला सुंठीचा लेप लावून, डोक्याला फडके घट्ट बांधून त्यांनी लावणीची कामे केलेली असतात, स्वयंपाक रांधलेला असतो. अर्धे डोके ठणकणे, मळमळ, उजेड व आवाज असह्य होणे, आणि उपचार न केल्यास हे सारे ४ ते ७२ तास टिकणे, ही या विकाराची लक्षणे होत. सुश्रुतसंहितेत तो 'अर्धावभेदक' या नावाने वर्णिलेला आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत त्याचे प्रमाण दुप्पट-तिप्पट आढळते. २०१९ च्या जागतिक रोगभार अभ्यासानुसार माणसाला कामातून उठविणाऱ्या विकारांत अर्धशिशीचा क्रमांक दुसरा, तर तरुण स्त्रियांमध्ये पहिला लागतो. हा आळस नव्हे, नाटकही नव्हे. हा मेंदूचा विकार आहे.

तेव्हा 'जालीम गोळी' कोणती, या प्रश्नाकडे वळू.

पहिली पायरी साध्या वेदनाशामकांची. पॅरासिटॅमॉल, अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, डायक्लोफिनॅक ही ती औषधे. सौम्य व मध्यम झटक्यांत ती अनेकांना पुरेशी ठरतात. मात्र ती पुरेशा मात्रेत आणि दुखणे सुरू होताच घ्यावयास हवीत. झटक्यात जठराची हालचाल मंदावते. उशिरा घेतलेली गोळी पोटातच पडून राहते आणि रुग्ण म्हणतो, औषध लागू पडत नाही. म्हणूनच मळमळ असल्यास डॉक्टर डॉम्पेरिडोन किंवा मेटोक्लोप्रमाइडची जोड देतात. पित्ताचा व्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा गरोदरपण असल्यास पॅरासिटॅमॉलखेरीज यांतील कोणतेही औषध स्वतःच्या मनाने घेऊ नये. पावसाळ्यात तापासह डोके दुखत असेल, तर डेंग्यूची शक्यता ध्यानी घेऊन अ‍ॅस्पिरिन व आयबुप्रोफेन कटाक्षाने टाळावे.

दुसरे औषध एर्गोटामाइन. राय नावाच्या धान्यावर वाढणाऱ्या बुरशीपासून ते १९१८ मध्ये वेगळे करण्यात आले. कॅफिनसह त्याच्या मिश्र गोळ्या आपल्याकडे आजही पुष्कळ खपतात. परंतु ते सर्व शरीरातील रक्तवाहिन्या आकुंचित करते. हृदयविकार, उच्च रक्तदाब व गर्भावस्था यांत ते वर्ज्य आहे. एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन यांसारख्या प्रतिजैविकांबरोबर ते घेतल्यास हातापायांचा रक्तपुरवठा तुटण्यापर्यंत मजल जाऊ शकते. शेजारणीला लागू पडलेली गोळी आपणही घ्यावी, ही प्रथा येथे जिवावर बेतू शकते.

तिसरा वर्ग ट्रिप्टानांचा. त्यांतील पहिले सुमाट्रिप्टान १९९१ मध्ये बाजारात आले. रिझाट्रिप्टान, झोल्मिट्रिप्टान, एलेट्रिप्टान ही त्याची भावंडे. ही वेदनाशामके नव्हेत. मेंदूभोवतीच्या मज्जातंतूंतून वेदनेचे संदेश नेणारी द्रव्ये ती रोखतात आणि तेथील फुगलेल्या रक्तवाहिन्या पूर्ववत करतात. साध्या गोळ्यांनी आराम न पडणाऱ्यांसाठी ती आहेत. उलट्यांमुळे गोळी टिकत नसेल, तर सुमाट्रिप्टान नाकातील फवारा वा इंजेक्शन या रूपांतही देता येते. एक ट्रिप्टान निष्फळ ठरले तरी दुसरे गुणकारी ठरू शकते. मात्र ज्यांना हृदयविकार, पक्षाघात वा आटोक्यात नसलेला रक्तदाब आहे, त्यांना ती देता येत नाहीत. आणि एर्गोटामाइन घेतल्यापासून २४ तासांच्या आत ट्रिप्टान घ्यावयाचे नाही.

अशा रुग्णांसाठी लास्मिडिटान आणि रिमेजेपंट, उब्रोजेपंट ही नवी औषधे अमेरिकेत २०१९ व २०२० मध्ये मान्य झाली. ती रक्तवाहिन्या आकुंचित करीत नाहीत, ही त्यांची जमेची बाजू. लास्मिडिटान घेतल्यावर मात्र आठ तास वाहन चालवावयाचे नसते. महामार्गावर रोज ये-जा करणाऱ्या आपल्या भागात हे विसरून चालणार नाही.

आता किमतीबरोबर गुणही वाढतो काय? ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १३७ चाचण्या व ८९,४४५ रुग्ण यांच्या आधारे तोंडाने घ्यावयाच्या १७ औषधांची तुलना झाली. एलेट्रिप्टान, रिझाट्रिप्टान, सुमाट्रिप्टान व झोल्मिट्रिप्टान ही चार जुनी औषधे सर्वांत सरस ठरली. नवी औषधे गुणाने पॅरासिटॅमॉल व इतर साध्या वेदनाशामकांच्या जवळपासच राहिली. देणगीदारांनी हे अवश्य ध्यानी घ्यावे: उत्तम उपचार म्हणजे सर्वांत महागडा उपचार, असे नव्हे.

आणि तरीही 'जालीम गोळी' हे आमचे उत्तर नाही. साधी वेदनाशामके महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, आणि ट्रिप्टान, एर्गोटामाइन वा मिश्र गोळ्या १० किंवा अधिक दिवस, अशा तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्या, तर गोळीच डोकेदुखीचे कारण होऊन बसते. रोज दुखते म्हणून रोज गोळी, आणि रोज गोळी म्हणून रोज दुखणे! या फेऱ्यात अडकलेल्या भगिनीला आम्हीही पूर्वी एक इंजेक्शन टोचून घरी पाठवीत असू, हे येथे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. त्या महिन्यात तिने किती गोळ्या घेतल्या, हे आम्ही विचारलेच नव्हते. आज पहिला प्रश्न तोच असतो. झटके वारंवार येत असतील, तर ते टाळण्यासाठी प्रोप्रॅनोलॉल, अ‍ॅमिट्रिप्टिलिन यांसारखी औषधे निराळी द्यावी लागतात.

कुटुंबीयांना आमची विनंती एवढीच. घरात एक साधी वही ठेवा. डोके कोणत्या दिवशी दुखले, कोणती गोळी किती वाजता घेतली, त्या दिवशी उपवास वा जागरण होते काय, हे लिहा आणि येताना ती वही आणा. डोके एकाएकी, क्षणार्धात फुटेल असे दुखू लागले. ताप, मानेचा ताठरपणा, हातापायांत अशक्तपणा वा बोलण्यात अडखळणे दिसले. किंवा पन्नाशीनंतर प्रथमच असे दुखणे उद्भवले, तर गोळी शोधत न बसता थेट रुग्णालय गाठा.

विश्वस्त व देणगीदारांच्या औदार्यातून यंत्रे येतात, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोतच. परंतु अर्धशिशीच्या रुग्णाला यंत्रापेक्षाही अधिक गरज असते ती तिचे बोलणे पुरते ऐकून घेणाऱ्या पंधरा मिनिटांची. तेवढा वेळ देणारे मनुष्यबळ या रुग्णालयास सदैव लाभावे, यासाठी आपले साहाय्य असेच राहो. आणि आज घरी गेल्यावर, "डोके दुखतेय" असे कोणी म्हणाले, तर त्या व्यक्तीजवळ क्षणभर थांबा, एवढेच मागणे.