सालदाराचा हिशेब

सारंगखेड्याचें नांव निघतांच दत्तजयंतीचा घोडेबाजार आठवतो. तापीकांठच्या ह्याच शहादे तालुक्यांत एके काळीं माणसाच्या श्रमाचाहि वर्षाच्या बोलीनें सौदा होई. उचल घेतलेला भिल्ल मजूर जमीनदाराकडे सालदार म्हणून राही. बहुधा जुनें देणें फिटण्याआधींच नवें साल उजाडे.

इ. स. १९७१ मध्यें पाटीलवाडीस धान्य मागावयास गेलेल्या भिल्लांवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच समाजांतील सर्वोदयी कार्यकर्ते अंबरसिंग महाराज आणि शहरांतून आलेले तरुण गांवोगांव हिंडले. १९७२ मध्यें श्रमिक संघटना उभी राहिली. किमान वेतन व हातची गेलेली जमीन ह्या तिच्या मागण्या होत्या. स्त्रियांनीं तर दारूचे गुत्ते बंद पाडले. १९७४ मध्यें महाराज निवर्तले. आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदाहि १९७४ चाच.

सालदार निदान आपल्याच गांवीं राही, म्हणून रात्रीं सभा भरे, हिशेब विचारण्याचें धैर्य सर्वांस मिळून येई. आज सातपुड्यांतील कित्येक कुटुंबें मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीसाठीं गुजरातेंत जातात. उचल तीच, परंतु गांव मागें राहतें, सभा भरावयाची ती कोठें?