फाइलचं कुलूप आणि रखडलेलं अपग्रेड



'ही फाइल दुसऱ्या कुणीतरी उघडलेली आहे.' सामायिक सर्व्हरवर काम करणाऱ्या प्रत्येकाने हा संदेश पाहिलेला असतो. फौजेतून निवृत्त झाल्यावर मी इथे नोएडा-गुरुग्राममधल्या छोट्या संस्थांचं प्रशासन पाहिलं. महिनाअखेर आली की हाक ऐकू यायची, "अरे, फाइल कोणाकडे अडकलीय?" आणि सॉफ्टवेअरचं अपग्रेड पुढच्या शनिवारवर जायचं.

आधी एक समजून घेऊ. हे कुलूप म्हणजे बिघाड नव्हे. दोघं एकाच वेळी एकाच हिशेबात लिहायला लागले, तर एकाचं काम पुसलं जाईल. ते होऊ नये म्हणून कुलूप असतं. तेव्हा ते तोडायच्या आधी किल्ली कोणाकडे आहे ते शोधा.

विंडोज सर्व्हरवर 'कंप्युटर मॅनेजमेंट'मध्ये 'शेअर्ड फोल्डर्स' आणि त्याखाली 'ओपन फाइल्स' असतं. कोणती फाइल कोणाच्या नावाने उघडी आहे, ते तिथे दिसतं. तिथूनच ती बंदही करता येते, पण मग त्या माणसाचं सेव्ह न केलेलं काम जाऊ शकतं. म्हणून आधी फोन करा. बहुतेक वेळा कोणीतरी फाइल उघडी ठेवून जेवायला गेलेलं असतं.

कधी फाइल कोणीच उघडलेली नसते, तरी कुलूप राहतं. वीज गेली, संगणक मध्येच बंद पडला की असं होतं. वर्ड-एक्सेल त्याच फोल्डरमध्ये '~$'ने सुरू होणारी एक छोटी लपलेली फाइल ठेवतात. खरोखर कोणी आत नाही याची खात्री करून फक्त तेवढीच काढायची. मूळ फाइलला हात लावायचा नाही.

आता अपग्रेड. इथे कुलूप कागदपत्रांना नसतं, चालू प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फाइलींना असतं. वापरात असलेली अशी फाइल विंडोज सहसा बदलू देत नाही. मग इन्स्टॉलर ते काम रीस्टार्टवर टाकतो. लिनक्समध्ये फाइल बदलते, पण आधीपासून चालू असलेला प्रोग्रॅम जुनंच रूप धरून बसतो. म्हणजे दोन्हीकडे, रीस्टार्ट झाल्याशिवाय आणि नवी आवृत्ती डोळ्यांनी पाहिल्याशिवाय 'अपग्रेड झालं' म्हणू नका.

पुढे ढकललं तर काय बिघडतं? मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी विंडोजमधल्या एका गंभीर त्रुटीवर दुरुस्ती दिली. १२ मे रोजी त्याच त्रुटीतून 'वॉनाक्राय' शिरला आणि दीडशेच्या आसपास देशांत लोकांच्या फाइली कुलूपबंद झाल्या. हातात जवळजवळ दोन महिने होते. आपल्याकडच्या कुलपाला भिऊन ज्यांनी दुरुस्ती टाळली, त्यांच्या फाइलींना परक्याने कुलूप लावलं.

आपल्या दिल्लीचंच पाहा. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी एम्सचे सर्व्हर असेच बंद पडले. नोंदणी, तपासण्या, अहवाल, सगळं हाताने लिहायची वेळ आली. सरकारने संसदेत सांगितलं की पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. कारण म्हणून नेटवर्कची नीट विभागणी नसणं पुढे आलं. म्हणजे तिथला दोष अपग्रेडचा असं मी म्हणत नाही. धडा मात्र आपल्यालाही लागू आहे. ई-हॉस्पिटलची माहिती परत मिळाली ती एका बॅकअप सर्व्हरवरून, कारण तो या हल्ल्यातून वाचला होता. तरी बहुतेक कामं सुरळीत व्हायला दोन आठवडे लागले.

फौजेत गोळीबाराच्या मैदानावर लाल झेंडा चढल्याशिवाय आणि मैदान मोकळं असल्याची खात्री झाल्याशिवाय पहिली गोळी सुटत नाही. अपग्रेडलाही तीच शिस्त लावा. महिन्यातली एक रात्र ठरवा, महिनाअखेर सोडून. तीन दिवस आधी सूचना द्या, त्या दिवशी दुपारी आठवण करा. बॅकअप घ्या, तो सर्व्हरपासून वेगळा ठेवा, आणि त्यातली एक फाइल परत काढून पाहा. परत काढून न पाहिलेल्या बॅकअपवर भरवसा नको. नवे लॉगइन बंद करा, उरलेल्यांना फोन करा, मग काम सुरू करा. बिघडलं तर मागे कसं यायचं, ते आधीच कागदावर लिहून ठेवा. आणि सकाळी लेखा विभागातल्या एकाला लवकर बोलावून त्याचं रोजचं काम करून पाहायला सांगा. खरी परीक्षा तीच.

यातलं कुठलंही काम फार अवघड नाही. ते कोणाचं आहे, हे ठरलेलं नसतं म्हणून ते राहतं. उद्या ऑफिसला गेलात की एवढंच विचारा: आपल्या सर्व्हरचं पुढचं अपग्रेड कोणत्या तारखेला, आणि जबाबदार कोण? उत्तरात एक तारीख आणि एक नाव आलं पाहिजे.

जय हिंद.