चव कुणाच्या हाताची, कागद कुणाच्या नावाचा?

(गृहउद्योग करणाऱ्या स्त्रियांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



आजचा विषय आहे ‘छोट्या उद्योगातलं नेतृत्व आणि व्यवस्था’. नेतृत्व म्हटलं की व्यासपीठ आठवतं आणि व्यवस्था म्हटलं की कारखाना. मला या दोन्ही गोष्टी समोशाच्या आधारानं सांगायच्या आहेत. परक्या मुलखातून इंग्लंडमध्ये गेलेल्या दोन बायकांच्या घरगुती समोशांतून मोठे उद्योग उभे राहिले. त्यांच्या यशाच्या गोष्टी पुष्कळदा सांगितल्या जातात. आपण थोडे वेगळे प्रश्न विचारू. हातातलं काम धंदा कसं बनलं? आणि धंदा बनल्यावर तो कुणाचा झाला?

पहिली गोष्ट पाठक कुटुंबाची. मूळचे गुजराती, केनियात स्थायिक झालेले लक्ष्मीशंकर आणि शांतागौरी पाठक १९५६ मध्ये मुलाबाळांसह लंडनला आले. खिशात पाच पौंड होते म्हणतात. लक्ष्मीशंकरांना गटारं साफ करण्याचं काम मिळालं. मग केंटिश टाउनमधल्या घराच्या स्वयंपाकघरात समोसे आणि मिठाई बनू लागली, पुढे ड्रमंड स्ट्रीटवर दुकान झालं. इंग्रजांना उच्चारायला सोपं जावं म्हणून नावातला ‘ह’ गाळला आणि ‘पटाक्स’ ही खूण जगभर गेली. मुंबईत वाढलेल्या, हॉटेल व्यवस्थापन शिकलेल्या सूनबाई मीना पाठक यांनी कंपनीच्या पाककृतींचं काम सांभाळलं. २००७ मध्ये कंपनी एका बड्या ब्रिटिश उद्योगसमूहानं विकत घेतली. खिशातले पाच पौंड सगळ्यांच्या लक्षात राहिले. त्या स्वयंपाकघरातल्या तासांचा हिशेब मात्र कुणी ठेवला नाही. घरातल्या बाईचं काम ना, ते भांडवलात कसं धरायचं?

दुसरी गोष्ट परवीन वारसी यांची. बिहारमध्ये जन्मलेल्या परवीन १९७५ मध्ये डॉक्टर पतीसोबत इंग्लंडला गेल्या. तिथल्या सुपरमार्केटमध्ये मिळणारे समोसे त्यांना पसंत पडेनात. १९८६ मध्ये डर्बीतल्या घरी त्यांनी स्वतः करून विकायला सुरुवात केली. मोठ्या दुकानांनी नाव झाकून चव घेतली, तेव्हा त्यांचा माल पसंत पडला. ऑर्डर आली आणि घरचं स्वयंपाकघर अपुरं पडलं.

इथे व्यवस्थेचा प्रश्न येतो. आपण कृती कशी सांगतो? ‘मीठ चवीपुरतं, तेल अंदाजानं, पीठ मळेपर्यंत पाणी.’ ही बेरीज आपल्या हातात असते. हाताला चव आहे असं कुणी म्हटलं की आपण सुखावतो. पण त्या कौतुकातच अडकण्याची सोय आहे! ती चव फक्त माझ्याच हाताला असेल तर मला आजारी पडता येत नाही, माहेरी जाता येत नाही, सभेला येता येत नाही. शंभर समोसे मी करीन. दहा हजारांसाठी माझं ज्ञान माझ्या हातातून कागदावर उतरावं लागतं. मीठ किती ग्रॅम, सारण किती, तेल किती तापलेलं, तळायला किती मिनिटं, आणि आजचा घाणा कुणी, कधी काढला.

इंग्लंडमध्ये १९९० चा अन्नसुरक्षा कायदा आल्यावर या नोंदींना आणखी महत्त्व आलं. माल बिघडला तर आपण सर्व योग्य काळजी घेतली होती, हे दुकानदारालाही दाखवावं लागतं. म्हणून दुकानं पुरवठा करणाऱ्याकडे लेखी नोंदी मागतात. ‘ताई, आमच्याकडे सगळं स्वच्छ असतं’ एवढं तिथे चालत नाही.

नेतृत्व मी यालाच म्हणते. आपल्याला येतं ते दुसरीला येईल असं करून ठेवायचं आणि मग तिच्यावर विश्वास टाकायचा. सगळं स्वतः करते ती कष्टाळू असते, पण तिच्या पाठोपाठ दुसरी तयार होत नाही. आणि माणसं कामाला ठेवली की त्यांची मजुरी, सुट्टी, बसायची जागा हाही व्यवस्थेचाच भाग. घरात आपले कष्ट मोजले गेले नाहीत म्हणून आपण भांडतो. मग लाटणाऱ्या बाईचे तास आपण ‘घरचंच काम’ म्हणून न मोजणं कसं चालेल?

पण नुसती व्यवस्था पुरत नाही. भांडवलासाठी वारसी १९८७ मध्ये एका मोठ्या खाद्यसमूहात सामील झाल्या. डर्बीत कारखाना उभा राहिला. १९९० मध्ये तो समूहच कोसळला आणि चांगला चाललेला त्यांचा उद्योगही धोक्यात आला. त्यांनी झगडून १९९१ मध्ये एका गुंतवणूक संस्थेच्या मदतीनं कंपनी परत मिळवली, आणि २००४ मध्ये त्या संस्थेचा हिस्साही विकत घेतला. स्वतः उभारलेलं स्वतःच विकत घ्यायचं, तेही दोनदा!

त्यांचा बराचसा माल सुपरमार्केटच्या नावानं विकला जाई. अशा धंद्यात ऑर्डर मोठी असते, पण पाकिटावरचं नाव दुकानाचं असतं. गिऱ्हाईक दुकान ओळखतं, बनवणारीला नाही. त्यामुळे दर ठरवताना आणि करार टिकवताना दुकानाचा हात वर राहतो. २०१५ मध्ये वारसींची कंपनी बुडाली, प्रशासकांच्या हाती गेली. म्हणून त्यांची तीस वर्षं वाया गेली असं मी मानत नाही. एकदोन बड्या गिऱ्हाइकांवर सगळा भार टाकण्यातली जोखीम मात्र आपण समजून घ्यावी. शाळेच्या खाऊचं एकच कंत्राट असलेल्या बचतगटाला ती वेगळी सांगायला नको.

आता पुन्हा पाठकांकडे. २००४ मध्ये त्या घरातल्या दोन मुली लंडनच्या न्यायालयात गेल्या. त्यांचं म्हणणं असं, की कंपनीचे समभाग आमच्या नावावर होते, ते आईकडे सांभाळायला दिले होते, आणि आमच्या संमतीवाचून ते भावाकडे गेले. हिंदू परंपरेत घरच्या धंद्यातला वाटा मुलींकडे जात नाही, असा मुद्दा दुसऱ्या बाजूनं आला. शेवटी तडजोड झाली, त्यामुळे खरं-खोटं न्यायालयानं ठरवलं नाही आणि आपणही ठरवू नये. पण विचार करा. समुद्रापार जाऊन भाषा बदलली, नावातलं अक्षर बदललं, धंद्याची रीत बदलली, आणि मुलीच्या वाट्याचा प्रश्न निघाला तेव्हा परंपरा साक्षीला उभी राहिली!

आपल्याकडे ही परंपरा हक्कसोडपत्राच्या रूपानं येते. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. २००५ मध्ये देशाच्या कायद्यानं तो भेद काढला. २००५ साली वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. कायदा इतका पुढे आला, तरी ‘भावाशी नातं टिकवायचं तर सही कर’ हे वाक्य काही मागे हटत नाही. चालू धंद्याचं तर त्याहून अवघड आहे. तिथे परवाना, खातं, करार ज्याच्या नावावर, त्याचा शब्द चालतो. राबली कोण, हे कागद सांगत नाही.

म्हणून घरी गेल्यावर चार गोष्टी पाहा. आपल्या पदार्थांच्या कृती वजनमापानं लिहिल्या आहेत का? किंमत ठरवताना स्वतःच्या तासांची मजुरी धरली आहे का? एक गिऱ्हाईक गेलं तर चूल पेटती राहील का? आणि अन्नपरवाना, उद्योगाची नोंदणी, बँकेचं खातं, जागेचा भाडेकरार यांवर कुणाचं नाव आहे?

चौथ्या प्रश्नानं घरात कदाचित अबोला येईल. ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ असं विचारलं जाईल. उत्तर सोपं आहे. विश्वास आहे म्हणून तर दोघांची नावं घालायची. नाव घालायला जिथे भीती वाटते, तिथे अविश्वास आधीपासूनच आहे, आणि तो आपला नव्हे.